हिरव्या रातांब्यांचं प्रकरण

आजी आल्या होत्या स्वतःच्या डोळ्यासाठी. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून महिना झाला होता, चष्म्याचा नंबर काढायचा होता. बरोबर त्यांचा मुलगा आणि मुलीचा मुलगा, म्हणजे मामा-भाचे. मे महिन्याचा दुसरा आठवडा, वेंगुर्ले तालुका. डोक्यावर पंखा फिरत होता, पण घाम काही सुकत नव्हता. लोक माझ्या जागेला दवाखाना म्हणतात. मी डॉक्टर नव्हे, दृष्टी तपासून चष्मे देणारा ऑप्टोमेट्रिस्ट. पण आमच्याकडे डोळ्यात बॅटरी मारतो तो डॉक्टरच.

नंबर निघाला, बारीक अक्षर वाचून झालं, तरी आजी उठेनात.

"डॉक्टरांनू, ह्या डोळ्यान सगळां निळां निळां दिसता. नि उजव्यान पिवळां."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की मेंदू त्या पिवळेपणाची वजाबाकी करत राहतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. मग एका दिवशी स्वच्छ कृत्रिम भिंग बसतं, निळा उजेड आत घुसतो, आणि जुन्या हिशेबाने चालणारा मेंदू गोंधळतो. काही आठवड्यांत तो नवा हिशेब शिकतो. एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलंसं वाटलं नाही, पण त्यांनी विषय बदलला आणि नातवाकडे बोट केलं.

"माका म्हातारेक आता दिसता, पण ह्येका सतराव्या वर्षी दिसणा नाय. काल दोन टोपल्यो रातांबे काढल्यान, अर्धे हिरवे!"

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी: रातांबा म्हणजे कोकमाचं फळ. जुन्या मराठीत 'राता' म्हणजे तांबडा. फळाच्या नावातच त्याचा रंग आहे. पिकलेल्या फळाची साल वाळवून, त्याच्याच रसाचे पुट देऊन सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. कच्चं काढलेलं फळ ना आगळाच्या, म्हणजे खारवलेल्या रसाच्या, कामाचं ना सोलांच्या. साल पिवळट राहते. आणि हे सगळं पाऊस पडायच्या आत उरकायचं असतं. तेव्हा दोन टोपल्यांतली एक वाया जाणं ही लहान गोष्ट नव्हे.

मामांचं निदान तयार होतं. "लक्ष नाही हो. कानात वायरी घालून झाडावर चढतो." मुलगा खाली बघत होता. बारावी सायन्सची परीक्षा दिलेली, निकाल यायचा होता. हळूच म्हणाला, "माका सगळे सारखेच दिसतत."

या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितोय.

पाट्या

दोन्ही डोळ्यांची नजर ६/६. बुबुळ, भिंग, मागचा पडदा, सगळं ठीक. कधी टीबीची औषधं घेतली होती का, हे मी मुद्दाम विचारलं. एथॅम्ब्युटॉल नावाच्या टीबीच्या औषधाने काही जणांच्या दृष्टिनाडीला इजा होते आणि लाल-हिरव्यातला फरक पुसट होणं हे तिचं एक लवकर दिसणारं लक्षण असतं. तसं काही नव्हतं. डोक्याला मार नाही, कसलं दुखणं नाही, आणि "आधी दिसायचं, आता दिसत नाही" असंही नाही. आधीपासून हे असंच.

मग इशिहाराचं पुस्तक काढलं. शिनोबू इशिहारा हे जपानी नेत्रतज्ज्ञ. सैन्यातली भरती तपासण्यासाठी त्यांनी या पाट्या बनवल्या आणि १९१७ साली त्या छापून आल्या. ठिपक्यांच्या गर्दीत आकडा दडवायचा ही युक्ती त्यांच्याही आधीची, जर्मन डॉक्टर याकोब स्टिलिंग यांची. पण जगभर नाव झालं ते इशिहारांचं. पाटी पाऊण मीटरवर धरायची, उजेड दिवसाचा, आणि एका पाटीला तीन-चार सेकंद. एका वेळी एकच डोळा उघडा, कारण जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखाच असतो, नंतर आलेला बहुधा नसतो.

पहिली पाटी सगळ्यांनाच दिसते. त्याने १२ वाचला. दुसरीवरच्या ८ चा त्याने ३ केला. ६ चा ५. २९ चा ७०. ५७ चा ३५. मामा माझ्या मागे उभे राहून बघत होते. पहिल्या दोन वेळा त्यांना हसू आलं, मग थांबलं.

खरी गंमत पुढे. या पुस्तकात काही पाट्या उलट्या चालीच्या आहेत: रंगदृष्टी चांगली असलेल्याला तिथे नुसते ठिपके दिसतात, लाल-हिरव्यात कमी पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मात्र आकडा दिसतो. मला तिथे आजवर काही दिसलेलं नाही. उत्तर पाठ आहे म्हणून कळतं. मुलाने न अडखळता वाचलं, "पंचेचाळीस." मामांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. "खंय आसा पंचेचाळीस?" त्यांच्या आवाजातला राग तिथे पहिल्यांदा उतरला. जो पोरगा आळशी आहे त्याला आपल्याला न दिसणारं कसं काय दिसेल?

शेवटी २६ च्या पाटीवर त्याला फक्त २ दिसला आणि ४२ च्या पाटीवर फक्त ४. याचा अर्थ दोष मध्यम तरंगलांबीच्या शंकूंचा, म्हणजे डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा. आमच्या भाषेत ड्यूटन. पुढे फार्न्सवर्थची बुचं दिली: पंधरा रंगीत बुचं, जवळचा रंग जवळ ठेवत ओळ लावायची. त्याची ओळ हिरव्यावरून लालसरावर आणि परत अशा उड्या मारत गेली. म्हणजे दोष सौम्य नाही. हा शंकू मुळातच नाही की आहे पण भलतीकडे सरकलेला आहे, हे ठरवायला ॲनोमॅलोस्कोप लागतो: लाल आणि हिरवा उजेड मिसळून पिवळ्याशी जुळवायचं यंत्र. ते माझ्याकडे नाही. म्हणून कागदावर मी फक्त 'ड्यूटन, मध्यम ते तीव्र' एवढंच लिहिलं. 'रंगांधळा' हा शब्द मी कागदावर लिहीत नाही. तो ऐकला की लोकांच्या डोळ्यासमोर काळा-पांढरा सिनेमा येतो. या मुलाला निळं दिसतं, पिवळं दिसतं, समुद्र आणि आंबा यांतला फरक तुम्हाला-मला दिसतो तितकाच दिसतो.

सतरा वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं कोडं मामांना पडलं होतं. मला नाही. मूल रंगांची नावं वस्तूंवरून शिकतं. पान हिरवं, जास्वंद लाल, पोपट पोपटी. वस्तू ओळखली की रंगाचं नाव आपोआप तोंडात येतं. शाळेत रंगखडूंवर नावं छापलेली असायची. एकदा झाडाचं खोड हिरवं रंगवलं तेव्हा वर्ग हसला, त्यानंतर नाव वाचल्याशिवाय त्याने खडू उचलला नाही. आईची आमसुली साडी त्याला शेवाळी वाटायची, पण साडीचा रंग सांग असं मुलाला विचारतो कोण?

झाडाखाली

रविवारी मी त्यांच्या बागेत गेलो. कामाचं निमित्त होतं, खरं कारण सोलकढी.

रातांब्याचं झाड तुम्ही पाहिलं असेल तर आठवा. फांद्या खाली झुकलेल्या, पानं गडद आणि चकचकीत, कोवळी पालवी लालसर. आत शिरलं की उजेड सरळ येत नाही, कवडशांनी येतो. एक पान उन्हात लखलखतं, त्याच्या मागचं काळोखात असतं, एक फळ अर्धं उजळलेलं, अर्धं सावलीत. वारा आला की सगळं हलतं, उजळलेलं काळं होतं आणि काळं उजळतं.

मी दहा मिनिटं वर बघत उभा होतो आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही इशिहाराची पाटीच आहे. इशिहाराने ठिपके मुद्दाम कमी-जास्त उजळ छापले, म्हणजे उजळपणावरून आकडा ओळखता येऊ नये, फक्त रंगावरूनच यावा. कवडसे तेच काम फुकटात करतात. मोकळ्या अंगणात चार पिकलेले आणि चार हिरवे रातांबे ठेवा, हा मुलगा त्यातले बरेचसे ओळखेल, कारण पिकलेलं जरा काळपट दिसतं. झाडावर ती खूण मोडते. सावलीतलं हिरवं फळ आणि उन्हातलं पिकलेलं फळ त्याला हुबेहूब एक दिसतं. आळस नाही, वायरी नाहीत.

झाडाखाली बसूनच मी त्याला आणि मामांना समजावलं. इथे जरा सविस्तर लिहितो.

प्रकाशाला स्वतःचा रंग नसतो, हे न्यूटनलाही ठाऊक होतं. प्रकाशाला असते ती तरंगलांबी. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, दृष्टिपटलावर, पन्नास-साठ लाख शंकू पेशी असतात. त्या दिवसाच्या उजेडात काम करतात. त्यांच्याखेरीज नऊ ते बारा कोटी दंड पेशी असतात, त्या अंधूक उजेडासाठी. शंकूंचे तीन प्रकार. एक आखूड लांबीच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, ४२० नॅनोमीटरच्या आसपास. दुसरा मध्यम, ५३०. तिसरा लांब, ५६०. लोक त्यांना निळा, हिरवा, लाल म्हणतात. सोयीचं आहे, पण चूक आहे. ५६० नॅनोमीटर म्हणजे लाल नव्हेच, तो पिवळट हिरवा. आणि बघा, दुसऱ्या आणि तिसऱ्यात अंतर किती? जेमतेम ३०. या ३० नॅनोमीटरवर आपलं सगळं तांबडं-हिरवं उभं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. एकट्या शंकूला रंग अजिबात कळत नाही. त्याला एकच गोष्ट कळते: आपल्या रंगद्रव्यात किती प्रकाशकण अडकले. अडकलेला कण कुठल्या लांबीचा होता, ही माहिती तिथेच मरते. आवडीच्या लांबीचा मंद उजेड आणि नावडीच्या लांबीचा प्रखर उजेड, दोन्हींना शंकू एकच उत्तर देतो. विल्यम रश्टन यांनी १९७२ साली या नियमाला नाव दिलं, पण त्यामागचा विचार जुना आहे. थॉमस यंग यांनी १८०२ सालीच तीन प्रकारच्या ग्राहकांची कल्पना मांडली होती. रंग जन्मतो तो तुलनेत. लांब शंकू जास्त बोलला की मध्यम? दोघे मिळून आखूडपेक्षा किती जास्त? उन्हात काय नि सावलीत काय, रातांब्यावरून येणारा उजेड लांब शंकूला मध्यमापेक्षा जास्त चाळवतो. पानावरून येणारा दोघांना जवळपास सारखा. कवडशाने दोघांचे आकडे एकदम वर जातात, एकदम खाली येतात, प्रमाण मात्र तेच राहतं. म्हणून मामांना कवडशांचा त्रास होत नाही.

मुलाकडे मध्यम शंकू नाही, किंवा आहे तो लांबाच्या इतका जवळ सरकलेला की दोघांचं उत्तर एकच. उरला आखूड. पण तो ५४० च्या पुढे जवळजवळ गप्प असतो. पान आणि फळ दोघांबद्दलही त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. म्हणजे हिरव्यापासून तांबड्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात मुलाकडे साक्षीदार एकच, आणि एका साक्षीदाराची साक्ष कुणाशी ताडून बघणार?

"म्हणजे डोळा चांगला, पण त्याची जोडी फुटली," मामा म्हणाले. मी इतक्या वर्षांत याहून चांगलं सांगितलेलं नाही.

माकडांचा विषय निघणारच होता. आमच्याकडे बागायतदार दोन मिनिटांवर कधी त्या विषयाशिवाय बोलत नाही. बहुतेक सस्तन प्राण्यांना दोनच प्रकारचे शंकू. कुत्रा, गाय, सगळे या मुलाच्या पंगतीचे, किंबहुना त्याच्याही मागचे. आफ्रिका-आशियातल्या माकडांच्या पूर्वजांत काही कोटी वर्षांपूर्वी एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या, त्यांतली एक जराशी बदलली आणि तिसरा शंकू मिळाला. कशासाठी? हिरव्या पानांत पिकलेलं फळ दिसावं म्हणून, असं मानणारे बरेच; काहींच्या मते कोवळ्या लाल पालवीसाठी. रातांब्याच्या झाडाखाली बसून दोन्ही बाजू पटतात. वानर तुमचा पिकलेला रातांबा नेमका ओळखतो तो तुमच्याच डोळ्याने, हे ऐकून मामांना आनंद झाला नाही.

ताडपत्री

काढलेले रातांबे निवडायला अंगणात निळी ताडपत्री बांधली होती. तिच्याखाली आजी, मुलाची आई आणि दोन बायका बसल्या होत्या. मुलाने सगळं ऐकून घेतलं होतं आणि त्याने मला असा प्रश्न विचारला की मी उठत होतो तो परत बसलो.

"मग माझ्या मेंदूत बिघाड आहे का?"

मी त्याला मोबाइलमध्ये आजीचा फोटो काढायला सांगितला. फोटोत आजीची पांढरी साडी निळी आली होती. आजी, आई, मी आणि तोसुद्धा, आम्हा सगळ्यांना समोरची साडी पांढरीच दिसत होती. ताडपत्रीखालचा सगळा उजेड निळा आहे हे मेंदू ओळखतो आणि तेवढा निळेपणा वजा करून टाकतो. पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी रंगीत कागदांच्या तुकड्यांवर दिवे कमी-जास्त करून हे दाखवून दिलं होतं. २०१५ साली एका पोशाखाच्या फोटोवरून जगभर भांडणं झाली, कुणाला निळा-काळा, कुणाला पांढरा-सोनेरी, तीही याच वजाबाकीची. ही वजाबाकी मुलाचा मेंदू ठीक करत होता.

डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाट अशी. दृष्टिपटलातून बाहेर पडणाऱ्या नाडीत तंतू असतात दहा-बारा लाखच. तेव्हा प्रत्येक शंकूचा निरोप वेगळा पाठवणं शक्यच नाही. तुलना पडद्यातच सुरू होते आणि पुढे जातो तो फरक: एक तार लाल विरुद्ध हिरवा, दुसरी निळा विरुद्ध पिवळा, आणि एक नुसत्या उजळपणाची. एवाल्ड हेरिंग यांनी एकोणिसाव्या शतकात हे नुसत्या निरीक्षणावरून ओळखलं होतं. लालसर निळा असतो, हिरवट पिवळा असतो, पण हिरवट लाल कुणी पाहिलाय? एकाच तारेची दोन टोकं असल्यावर तो दिसणार कसा. आणि मासेखाऊ मुलखात सांगायला बरं म्हणून सांगतो: अशा उलटसुलट बोलणाऱ्या पेशींचा पहिला पुरावा १९५० च्या दशकात गुन्नार स्वेटिचिन यांना माशांच्या दृष्टिपटलात मिळाला. पुढे तारा मेंदूच्या मधोमध थॅलॅमसमध्ये जातात, तिथून डोक्याच्या मागच्या भागातल्या दृष्टीच्या पट्ट्यात, आणि तिथून रंगाशी विशेष काम करणाऱ्या भागांत. पक्षाघाताने नेमका तो भाग गेला तर शंकू धडधाकट असूनही जग राखाडी होतं. लुई व्हेरे या स्विस डॉक्टरांनी १८८८ सालीच अशा एका बाईंची नोंद केली होती, त्यांच्या अर्ध्या दृष्टिक्षेत्रातला रंग गेला होता.

या मुलाची पुढची वाट शाबूत आहे. कमी आहे ती सुरुवातीची एक भर. आणि ती भर घातली तर मेंदू काय करेल, याचं उत्तर आहे. २००९ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने जन्मापासून लाल-हिरव्यात कमी असलेल्या दोन प्रौढ स्क्विरल माकडांच्या डोळ्यात, विषाणूच्या पाठीवर बसवून, हरवलेल्या रंगद्रव्याचं जनुक सोडलं. काही महिन्यांत ती माकडं लाल-हिरवे ठिपके वेगळे ओळखू लागली. मेंदूला ही तुलना लहानपणीच शिकावी लागते असं नाही. माणसांत या दोषासाठी हा उपचार आज उपलब्ध नाही, हेही मी लगेच सांगितलं. त्याच्या आईच्या डोळ्यांत दिसलेली आशा मला तिथेच थांबवायची होती.

आजोबा

आईने विचारलं, "हे माझ्याकडून आलं?"

हा प्रश्न कसा हाताळायचा हे अजून मला जमलेलं नाही. उत्तर होय असंच आहे. लांब आणि मध्यम शंकूंची जनुकं एक्स गुणसूत्राच्या टोकाला शेजारी-शेजारी बसलेली असतात, आणि १९८६ साली जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगळी काढली तेव्हा दिसलं की दोघांत ९६ टक्के साम्य आहे. जुळ्या भावांसारखी. त्यामुळे बीजपेशी तयार होताना अदलाबदलीत घोटाळा होतो: एखादं गळतं किंवा दोघांची सरमिसळ होते. बाईला दोन एक्स असतात, एक फसला तर दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाला एकच, आणि तो आईकडूनच येतो. म्हणून युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, तर बायकांत अर्धा टक्का. आशियातल्या पाहण्यांत पुरुषांचं प्रमाण यापेक्षा कमी आढळतं.

मी हे सांगत असताना आजी रातांबा फोडता फोडता थांबल्या.

"आमच्या ह्येंका पण कळा नाय," त्या म्हणाल्या. "हात लावन बघीत आणि मगे काढीत. मऊ लागलो तरच."

कुणीच काही बोललं नाही. मामांना वडील आठवत असावेत. तीस वर्षं ती बाग त्या माणसाने सांभाळली, फळ चाचपून काढलं, नाकाशी धरलं, आणि सगळ्यांना वाटलं की ही म्हाताऱ्याची पद्धत आहे.

मग मामांनीच विचारलं, "मी त्यांचा मुलगा. मला कसं नाही?" कारण वडिलांनी त्यांना दिला तो वाय, एक्स आला आजींकडून. दोष आजोबांकडून मुलीकडे, मुलीकडून नातवाकडे. मधल्या माणसाला दिसत सगळं असतं आणि ठाऊक काहीच नसतं.

या दोषाचं एक गाजलेलं जुनं प्रकरणही घरातूनच उलगडलं होतं. जॉन डाल्टन, अणुसिद्धांताचे. १७९२ साली त्यांच्या लक्षात आलं की जिरेनियमचं जे फूल त्यांना दिवसा निळं दिसतं ते मेणबत्तीपाशी तांबडं होतं. इतरांना असा फरक दिसेना, त्यांच्या भावाला मात्र दिसला. १७९४ साली त्यांनी मँचेस्टरमध्ये यावर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असावा असा त्यांचा तर्क होता, आणि मेल्यावर डोळे कापून बघा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. १८४४ साली कापून पाहिले, द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्याच डोळ्यातून १९९५ साली डीएनए काढला गेला आणि कळलं: ड्यूटन. या मुलाचाच गोतावळा.

दिवे

इथवर सगळं रातांब्याचं होतं. मुलाच्या मनात दुसरंच होतं. त्याला मर्चंट नेव्हीत जायचं होतं, डेकवर. हे त्याने मला चौथ्या भेटीत सांगितलं, तेही मामा बाहेर गेल्यावर. आणि लगेच विचारलं, "पाट्या पाठ करून तपासणीला गेलो तर?"

हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही. पाट्या पाठ होतात, खोटं नाही. मी त्याला नाही म्हटलं नाही, ओरडलोही नाही. दोन दिवसांनी संध्याकाळी वेंगुर्ले बंदरावर ये, म्हटलं.

एक जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळे शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. अंधार पडला. नियम असा की जहाजाच्या डाव्या बाजूला तांबडा दिवा, उजव्या बाजूला हिरवा, डोलकाठीवर आणि मागे पांढरा. बाजूचा प्रत्येक दिवा नाकासमोरून ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो. त्यामुळे रात्री समोर काय चाललंय हे दिव्यांवरूनच कळतं: नुसता तांबडा दिसला तर तो तुमच्यासमोरून आडवा डावीकडे चाललाय, दोन्ही एकदम दिसले तर सरळ तुमच्यावर येतोय. (आमच्या काही होड्यांवर लग्नाच्या मांडवासारखे रंगीत एलईडी लावतात, त्यांना हा नियम लागू करणं परमेश्वरालाही कठीण.)

मी एकेका दिव्याकडे बोट करत गेलो. हिरव्याला तो दोनदा पांढरा म्हणाला. तांबड्याला एकदा पिवळा. काही बरोबरही आले, पण कुठले बरोबर येतील हे त्याला आधी सांगता येईना. रस्त्यावरचा सिग्नल त्याला कधी अडला नव्हता, कारण तिथे लाल वर आणि हिरवा खाली असतो. सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांना वाहन परवाना देण्याची सोय आपल्याकडे २०२० साली झाली, ती मला योग्यच वाटते. पण समुद्रावर दिव्याला वर-खाली नसतं. काळोखात एक ठिपका असतो, आणि तो कोणता हे रंगच सांगतो.

परत येताना तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पाठ करायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. डेकचा अर्जही भरला नाही, हे मला पुढे मामांकडून कळलं. मला त्याचं वाईट वाटतं. तरी दुसरं काही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

जिलेटीन

रातांब्यांचं मात्र काहीतरी करता येण्यासारखं होतं. इंटरनेटवर हजारो रुपयांचे 'रंग परत देणारे' चष्मे मिळतात. मुलाने ते आधीच बघून ठेवले होते. कुठलाही चष्मा नवा शंकू देत नाही. तो काही तरंगलांबी अडवतो आणि त्याने काही जोड्या सोप्या होतात, काही अवघड. तेवढंच करायचं तर आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद पुरे. लाल-हिरव्या काचांनी अशा माणसांना मदत होईल, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५५ सालीच सुचवलं होतं.

पुठ्ठ्याच्या चौकटीत कागदाचा तुकडा बसवला आणि मुलाने तो एका डोळ्यासमोर धरला. पानातलं हरितद्रव्य लाल उजेड गिळतं, म्हणून लाल कागदातून पान काळवंडतं. रातांबा लाल उजेड परतवतो, तो उजळ राहतो. रंगातला फरक उजळपणात आला, आणि उजळपणा त्याला उत्तम कळतो. कागद डोळ्यासमोर घेतला, काढला, परत घेतला. कवडसा असेल तर दोन्ही वेळा उजळ. फळ पिकलेलं असेल तर कागदातून पानांच्या वर उठून येतं.

"तो आसा," तो म्हणाला. "आणि तो. आणि थंयसर दोन."

चार काढले, चारही तांबडे. मामांनी टोपली पुढे केली.

हा तोडगा पुरा नाही. अगदी जास्त पिकून काळपट झालेले रातांबे लाल कागदातूनही अंधारेच दिसतात, ते त्याच्याकडून सुटतात. दाट सावलीत कागद धरला की एकूणच दिसेनासं होतं. एक हात कागदाला गेल्यावर झाडावर चढायचं कसं, हाही प्रश्न. सध्या तो खालून सांगतो आणि मामा काठीच्या आकड्याने काढतात. पहाटे लवकर गेलं तर दोघेही सारखेच, कारण तेव्हा शंकू झोपलेले आणि दंड पेशी जाग्या असतात. त्यांना तांबडं जवळजवळ दिसतच नाही. मामांनाही पिकलेला रातांबा तेव्हा काळाच दिसतो. उरलेल्यांसाठी आजोबांची रीत आहे. बोटाने दाबून बघायचं.

आईचं एक निरीक्षण जाता जाता नोंदवतो. खडपात, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांत, कुर्ल्या (खेकडे) शोधण्यात हा मुलगा सगळ्या भावंडांत पहिला. १९९२ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं होतं की रंगांच्या गोंधळात दडवलेली आकृती दोन शंकूंच्या माणसांना कधीकधी आपल्या आधी सापडते, त्या ४५ च्या पाटीसारखीच. कुर्ल्यांचा त्याच्याशी संबंध असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कदाचित तो फक्त नीट बघत असेल.

मुलाच्या मावशीलाही आजोबांचा तोच एक्स मिळालेला आहे, त्यामुळे तिच्या प्रत्येक मुलाची शक्यता निम्मी-निम्मी. तिचा धाकटा सहा वर्षांचा. शाळा सुरू व्हायच्या आत त्याला घेऊन या, म्हणून मी आजींना सांगितलं. आकडे वाचता येत नसतील तरी हरकत नाही, वळणावळणाच्या रेषांच्या पाट्या असतात, बोट फिरवलं की काम होतं.

आजींनी दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आधी निळ्याने, मग पिवळ्याने.

"पुस्तक कित्याक होया?" त्या म्हणाल्या. "झाडाखाली उभो करतंय, मगे कळात."